मामाची आंब्याची जाहिरात

देवगडच्या मामाच्या हापूसची जाहिरात लिहायला बसले. पहिला खर्डा: ‘फळांचा राजा थेट तुमच्या दारी! त्वरा करा!’ वाचून मलाच परकं वाटलं. मग मामाला फोन करून विचारलं, गिऱ्हाइकाला तू काय सांगतोस?

“सोमवारी काढलेत, अजून कडक आहेत. पेंढ्यातच ठेवा, फ्रिजमध्ये नको. वास सुटला की कापा.”

तेच लिहिलं. एक शब्दही वाढवला नाही.

१९५८ साली प्रसिद्ध जाहिरातकार डेव्हिड ओगिल्व्हींनी रोल्स-रॉइसच्या जाहिरातीला मथळा दिला होता: ताशी ६० मैल वेगात गाडीतला सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा. शांततेची स्तुती नाही, नुसतं घड्याळ. मला ते फार आवडतं.

आता मामीच्या आमसुलांसाठी लिहायचंय. आधी तिच्या वाळवणाशेजारी बसून येते.