एकाच पेनाच्या खुणा

आजही 'मॅडम'.

निरीक्षक म्हणून गेले, लेबर रूमचं दार ढकललं तर तिथली सिस्टर, ती पोरगी, खुर्चीवरून उठलीच. "बसा ना मॅडम." म्हटलं, अगं, मीपण सिस्टरच आहे, नर्सिंगचा जीएनएम कोर्स केलाय, अकरा वर्षं नाइट काढल्यात. हसली. बसली मात्र नाही.

एके काळी रात्री तीनला "ओ सिस्टर" ऐकलं की अंगावर काटा यायचा. आता तीच हाक कुणी देईना म्हणून दिवसभर तोंड कडू. आईला तर अजून कळत नाही मी करते काय. "इंजेक्शन देत नाहीस, मग पगार कशाचा देतात?" जाऊ दे तो विषय.

बाळंतपणाच्या चेकलिस्टची फाइल काढली. सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच तिरकस वळणाच्या. हात धुतले, बरोबर. बाळ झाल्यावर ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन, एका मिनिटाच्या आत, बरोबर. सगळंच बरोबर. मी लगेच ओळखलं, कारण मीही अशाच भरल्यात, ड्यूटी संपताना, पार्टोग्राफसकट, म्हणजे कळांच्या प्रगतीच्या तक्त्यासकट. बाळ बाहेर येत असताना कागद धरायला तिसरा हात कुणाला असतो?

त्यातूनच तर इकडं आले. सगळ्यांना येतं ते होत का नाही, हा किडा डोक्यात शिरला; मिडवायफरीचे अठरा महिने करूनही निघाला नाही. मग सरांनी उत्तर प्रदेशातला तो २०१७ चा अभ्यास वाचायला दिला. १२० दवाखाने, दीड लाखावर बाळंतपणं. निम्म्या दवाखान्यांत आठ महिने शेजारी उभं राहून अशीच चेकलिस्ट वापरायला शिकवलं. शिकवणं सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी तिथं शंभरातली ७३ कामं होत होती, बाकीच्यांकडे ४२. बाराव्या महिन्याला, शिकवणारे परत गेल्यावर, ७३ ची ६२ झाली. आणि आई-बाळांच्या मृत्यूंत म्हणावा असा फरक नाहीच. वाचून वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. नुसत्या आळशी नव्हतो तर आपण! तेव्हापासून यात आहे, आणि यात आहे म्हणून 'मॅडम' आहे. तिच्या जागी मी असते तर मीही उठले असते, आणि पाठ फिरताच नाव ठेवलं असतं.

दुपारी एक बाई आली, डोकं दिसत असलेली. त्यातच लाइट गेली. निरीक्षकानं कशाला हात लावायचा नाही, हा नियम मीच सगळ्यांना पढवते.

"ओ, टॉर्च धरा की इकडं!"

मॅडम नाही, काही नाही. धरला. बाळ रडलं, वार पडली, इंजेक्शनही दिलं तिनं. कितव्या मिनिटाला? घड्याळ बघणं एवढंच माझं काम होतं.

फॉर्म परतताना गाडीत भरला, फाटा येईस्तोवर, एका दमात, एकाच पेनानं. इंजेक्शनच्या वेळेपुढं 'नोंद नाही' लिहिलं. शेजारी कारणाचा रकाना आहे. त्यात लिहिलं, टॉर्च.