कल्याण दरवाज्यामागचा दगड

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे निमंत्रणाचे पत्र हाती आले आणि त्या दिवशी कचेरीतल्या कामात माझे मन लागले नाही. शाळेविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु लिहायला बसलो की डोळ्यांसमोर एकच मूर्ती उभी राहते, ती आपल्या इतिहासाच्या सरांची. स्मरणिका वाचणाऱ्या बहुतेकांना त्यांचे नाव वेगळे सांगावे लागणार नाही. बाकीच्या गुरुजनांची क्षमा मागून मी सरांविषयीच, आणि त्यातही त्यांनी मला दिलेल्या एकाच धड्याविषयी लिहितो. तो धडा शत्रूविषयीचा होता आणि तो वर्गात नव्हे, सिंहगडावर मिळाला.

माघ वद्य नवमीच्या सुमारास सर दरवर्षी आठवीच्या मुलांना गडावर नेत. आमची पाळी १९८४ साली आली. स्वारगेटहून पीएमटीच्या बसने आतकरवाडीपर्यंत, तिथून पायवाटेने वर, आणि हातांत आदल्या संध्याकाळी मंडईतून आणलेले झेंडूचे हार, असा तो ठरलेला क्रम होता. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी सर उभे राहिले आणि त्यांनी हकीकत सांगायला सुरुवात केली. १६६५ साली पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हा कोंढाणा कसा गेला, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे कडा चढून कसे आले, ढाल तुटल्यावर तानाजींनी डाव्या हाताचीच ढाल कशी केली, हे ऐकताना आमच्या मुठी आपोआप आवळल्या जात होत्या. सरांचा आवाज मोठा नव्हता, पण त्या वाऱ्यातही शेवटच्या मुलापर्यंत तो पोहोचत होता.

तिथून आम्ही देवटाक्याचे पाणी पिऊन कल्याण दरवाज्याकडे गेलो. दरवाज्याच्या मागच्या बाजूला जी टेकडी आहे, तिच्यावर एक चौकोनी दगड आहे. खालचे खोरे नीट दिसावे म्हणून मी चपलांसह त्या दगडावर चढून उभा राहिलो. तो कोणाचा दगड आहे ठाऊक आहे का, असे सरांनी विचारले. एका मुलाने उत्तर दिले, "किल्लेदार उदेभान राठोडाचा." ते ऐकताच मी त्या दगडावर दोनदा जोराने पाय आपटला. मुले हसली, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. आपण काही पराक्रम केला आहे असे मला खरोखरच वाटले.

सर रागावले नाहीत. "चपला काढ आणि खाली ये," एवढेच म्हणाले. मग त्यांनी सर्वांना दगडाभोवती बसवले, खांद्यावरच्या शबनम पिशवीतून आपली टिपणवही काढली आणि सभासद बखरीतला तो प्रसंग वाचून दाखवला. ही बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद शिवाजी महाराजांच्या पदरचा माणूस. त्याने ती लिहिली राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. तरीही तानाजी आणि उदेभान समोरासमोर आले तेव्हाचे वर्णन करताना तो दोघांनाही मोठे योद्धे म्हणतो आणि दोघेही एकमेकांवर पडून ठार झाल्याचे सांगतो. वही मिटून सरांनी मला विचारले, "उदेभान त्या रात्री या दरवाज्याने पळून गेला असता, तर आज आपण हार घेऊन इथे आलो असतो का?"

मला उत्तर देता आले नाही. एक हार शिल्लक होता. तो चुकून उरला की सरांनी मुद्दाम ठेवला होता, हे मी त्यांना पुढे कधीही विचारले नाही. तो मी अनवाणी जाऊन त्या दगडावर ठेवला.

पुढच्या आठवड्यात वर्गात त्यांनी हाच विषय पुढे नेला. पुरंदरच्या वेढ्यात मुरारबाजी देशपांड्यांचे शौर्य पाहून दिलेरखानाने लढाई चालू असतानाच त्यांना कौल देऊ केला आणि मुरारबाजींनी तो झिडकारला, ही गोष्ट आम्हाला माहीत होती. परंतु ती आम्ही केवळ मुरारबाजींची गोष्ट म्हणून ऐकली होती. शत्रूचे शौर्य पाहून भर रणात ज्याचा हात थबकतो, त्या दिलेरखानाकडेही सरांनी आम्हाला पाहायला लावले. नंतर त्यांनी खाफीखानाचे नाव फळ्यावर लिहिले. मोगलांच्या बाजूचा हा इतिहासकार महाराजांविषयी अपशब्द वापरतो, पण मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना धक्का लावू नये असा महाराजांचा सक्त नियम होता, हे त्याच लेखणीने नोंदवून ठेवतो.

त्या नोंदीची खरी किंमत मला वकिलीत आल्यावर कळली. विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराने उलटतपासणीत दिलेली कबुली आपल्या दहा साक्षीदारांपेक्षा वजनदार ठरते. खाफीखानाची साक्ष त्या जातीची आहे. गेली ३० हून अधिक वर्षे मी पुण्याच्या दिवाणी न्यायालयात काम करतो आणि त्यातले बहुतेक दावे वाटपाचे, बांधाचे आणि वहिवाटीचे असतात. आपल्याकडे माणसाला शत्रू शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही, तो बहुधा सातबाराच्या त्याच उताऱ्यावर असतो. एका आईचे दोन मुलगे न्यायालयाच्या व्हरांड्यात एकमेकांकडे पाठ करून बसलेले मी रोज पाहतो, आणि प्रत्येकाला समोरच्याचे म्हणणे काय आहे ते विचारले, तर दहापैकी नऊ जण शिव्या सांगतात, म्हणणे सांगू शकत नाहीत.

मीही त्यांच्याहून वेगळा नव्हतो. वकिली सुरू केल्यानंतर पहिलाच मोठा दावा मी हरलो, तेव्हा संध्याकाळी सरांच्या घरी गेलो आणि समोरच्या वकिलांविषयी वाटेल तसे बोललो. न्यायालयात ज्यांना दिवसभर "माझे विद्वान मित्र" म्हणत होतो, त्यांच्याविषयी मी सरांच्या ओटीवर बसून बोलू नये ते बोललो. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांचा युक्तिवाद काय होता?" मी अडखळलो. मग ते म्हणाले, "चपला घालूनच उभा आहेस अजून." त्या रात्री मी विरुद्ध बाजूचा कैफियतीचा कागद प्रथमच मन लावून वाचला. आज माझ्याकडे येणाऱ्या कनिष्ठ वकिलांना मी पहिली सहा महिने एकच काम देतो: प्रत्येक दाव्यात समोरच्याची बाजू, आपली नव्हे, त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहून आणायची. यातले दोघे आज न्यायाधीश आहेत आणि त्यांच्या नेमणुकीची बातमी सरांना सांगण्याचे भाग्य मला लाभले.

सर गेले, त्याला आता बरीच वर्षे झाली. मध्यंतरी शाळेत गेलो होतो, तेव्हा आठवीची सहल एका पाण्याच्या खेळांच्या उद्यानात गेल्याचे कळले आणि मन खिन्न झाले. मुलांनी खेळू नये असे मी म्हणत नाही. पण इतिहासाच्या नावाने आज घोषणा आणि फटाके जेवढे ऐकू येतात, तेवढे टेकडीवर बसून वही उघडणारे कोणी दिसत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की, या वर्षी माघ वद्य नवमीला आठवीच्या सर्व तुकड्या सिंहगडावर न्याव्यात. बसचा आणि पिठले-भाकरीचा खर्च मी देईन आणि तब्येतीने साथ दिली तर मुलांबरोबर आतकरवाडीच्या वाटेने चढेनही. हार मात्र मोजून दोन घ्यावेत, आणि कल्याण दरवाज्यामागच्या टेकडीवर मुलांना त्यांच्या चपला काढायला सांगण्याचे काम माझ्याकडे द्यावे.