मधला बोल्ट

मुळशीकडच्या एका खासगी शेतातल्या ऑफ-रोड ट्रॅकवर रविवारी घसरलेली गाडी सोमवारी सकाळी शेडमध्ये आली. आखूड, तीन दारांची, पक्क्या छताची हार्डटॉप. डाव्या बाजूची मागची काच पूर्ण पांढरी झालेली, पण एक दाणाही खाली पडलेला नव्हता, कारण आतून २०० मायक्रॉनची पारदर्शक सेफ्टी फिल्म होती. बाहेरून पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे कडक पारदर्शक प्लॅस्टिकचा गार्ड, आणि तो धडधाकट. मालक म्हणाले, "दादा, गाडी बाजूला सरकली आणि जांभळीच्या खोडाला टेकली. हळूच टेकली. गार्ड असताना काच फुटलीच कशी?"

आमचा फिटर काच उतरवायला निघाला होता, त्याला थांबवलं. फिल्म नसती तर सगळे दाणे ट्रॅकवरच राहिले असते आणि काहीच कळलं नसतं. इथे प्रत्येक तुकडा जागेवर होता, आणि टफन्ड काच कुठून फुटली ते तुकडेच सांगतात. तडे आरंभबिंदूपासून किरणांसारखे बाहेर पसरतात. कडेकडून उलटं आत येत गेलं की ते एका जागी मिळतात. इथे ते काचेच्या जवळजवळ मधोमध मिळत होते, आणि तिथे दोन तुकडे बाकीच्यांपेक्षा मोठे, एकमेकांना लागून. त्या जागेवर मार्करने खूण केली आणि मग गार्डकडे पाहिलं. खुणेच्या बरोबर समोर एक नट.

गार्ड घरीच केलेला होता. ४ मिमीची शीट, कडेने सहा बोल्ट. ती खडखडते म्हणून मागाहून काचेसमोरून एक लोखंडी पट्टी आडवी टाकून शीट मध्येही एका बोल्टने आवळलेली. खडखड थांबली, पण त्या बोल्टचा नट आणि उरलेले आटे आतल्या बाजूला ८ मिमी बाहेर आले. नट आणि काच यांच्यात उरलं जेमतेम ४ मिमी. खोड शीटवर टेकलं, शीट आणि पट्टी वाकली, आणि गाडीचा सगळा रेटा त्या एका नटातून काचेवर गेला.

बाजूची काच टफन्ड असते, म्हणजे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला गाभा ताणाखाली असतो. तळहाताएवढ्या जागेवर पसरलेला रेटा ती बराच सोसते. टोकदार, कठीण वस्तूने वरचा दाबाचा थर भेदला की मात्र आतला ताण एका क्षणात मोकळा होतो आणि पूर्ण काच दाणेदार होते. कड तर त्याहून नाजूक. म्हणूनच ट्रॅकवर दाराची काच अर्धी उघडी ठेवू नये. वरची कड उघडी पडते आणि फांदी नेमकी तिथेच बसते. काच पूर्ण वर, नाहीतर पूर्ण खाली.

गार्ड उतरवल्यावर दुसरा दोषही दिसला. बोल्टच्या भोकांभोवती बारीक चिरा पडल्या होत्या. भोकं ६ मिमीची, बोल्ट एम-६, म्हणजे हालायला जागाच नाही. पॉलिकार्बोनेट दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०६५ मिमी वाढतं. ही शीट ९०० मिमी लांब. सकाळचा गारवा आणि एप्रिलच्या दुपारी उन्हात तापलेली शीट यांच्यात ४० अंशांचा फरक धरला तर वाढ २.३ मिमी. खालचं लोखंड तेवढ्यातच अर्ध्या मिमीहून कमी वाढतं. उरलेला सगळा ताण भोकांच्या कडांवर. त्यात बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून थ्रेडलॉकर, म्हणजे आटे जाम करणारा द्रव, घातलेला. पॉलिकार्बोनेटला ही द्रवं मानवत नाहीत, ताणाखालच्या जागी चिरा पाडतात. पेट्रोलने पुसणं आणि अमोनियाचा ग्लास क्लीनर मारणं, हेही तसंच घातक. साधं साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स.

आधी काच. ती पॉलियुरेथेन गोंदाने चिकटवलेली होती. पियानो वायरने, म्हणजे बारीक पोलादी तारेने, कापून काढली, फ्रेमवर जुन्या पॉलियुरेथेनचा १-२ मिमी थर मुद्दाम ठेवला, कारण नवा थर त्यावर उत्तम धरतो. कापताना पत्र्यावर उठलेला प्रत्येक ओरखडा प्रायमरने झाकला. ते राहिलं तर पावसाळ्यानंतर गंज त्याच रेषेने पसरतो आणि काच फ्रेमपासून सुटायला लागते. हे पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात घाई करू नये. ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण द्यावा.

नवीन काचेला आतून तीच फिल्म. मालकांना काळजी होती, "पोलीस अडवणार नाहीत ना?" २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या फिल्मला मनाई केली होती. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० मधल्या दुरुस्तीनंतर मानकात बसणारं प्लॅस्टिक थराचं ग्लेझिंग चालतं, पण बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के प्रकाश गेलाच पाहिजे. इथे हिशेब गुणाकाराचा असतो. काच ७५ टक्के आणि फिल्म ८८ टक्के प्रकाश सोडत असेल तर दोन्ही मिळून ६६. प्रकाश मोजणारं मीटर लावून आकडा दाखवला. जाड फिल्म लावताना मारलेलं पाणी आटायला महिनाभर लागू शकतो. तोवर दिसणारा धूसरपणा म्हणजे दोष नव्हे.

आता गार्ड. फोडणारा बोल्ट काढला की खडखड परत येणार, म्हणून तिचं मूळ शोधणं भाग होतं. सपाट शीट मध्ये लुळी असते. तिला बाहेरच्या बाजूला हलका बाक दिला की ती ताठ होते, वर फांदी घसरून निघून जाते. ५ मिमीची शीट घेतली, ४०० मिमी उंचीत १५ मिमीचा बाक. थंड वाकवताना त्रिज्या जाडीच्या पावणेदोनशे पटीपेक्षा कमी नको, म्हणजे इथे ८७५ मिमी. आपली येते सुमारे १३३० मिमी, त्यामुळे निर्धास्त. फक्त हार्ड कोट, म्हणजे ओरखडे रोखणारा कडक थर, असलेली शीट अशी वाकवायची नाही, तो थर तडकतो. उन्हापासून वाचवणाऱ्या साध्या यूव्ही थराची शीट घेतली. ओरखडे येतील, दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल. यूव्ही थराची बाजू शीटवर चिकटवलेल्या कागदावर छापलेली असते. ती बाहेरच यायला हवी.

भोकं १० मिमीची, कानशीने कड गुळगुळीत करून. दोन्ही बाजूंना रबर वॉशर, आणि थ्रेडलॉकरऐवजी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न होणारा नट. रबर टेकल्यावर पाव वेढा, त्याहून जास्त नाही. सगळे बोल्ट काचेच्या चौकटीबाहेर, भक्कम पत्र्यावर. पत्र्याला भोक पाडण्याआधी आतलं ट्रिम उघडून सीटबेल्टचा अँकर आणि वायरिंग कुठून जातं ते डोळ्यांनी पाहिलं. काच आणि शीट यांच्यात बोल्टखाली नळ्या घालून २० मिमी अंतर, कडेने रबराची पट्टी, खालच्या कडेला चिखल वाहून जायला फटी.

पुढच्या दारांना असा गार्ड बसवायला मी ठाम नकार दिला. गाडी आडवी झाली तर तीच बाहेर पडायची वाट. तिथे फांदी काचेपर्यंत पोचण्याआधीच वळवावी लागते. त्यासाठी फेंडरवरच्या ब्रॅकेटपासून रूफ रॅकच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत ४ मिमीची स्टीलची वायर रोप दिली. बुलबारला, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी चौकटीला, बांधण्याचा विषयच नव्हता, केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. प्रत्येक टोकाला तीन यू-क्लॅम्प, २५ मिमी अंतराने, खोगीर (क्लॅम्पची खाचेची बैठक) ताण घेणाऱ्या दोरावर आणि यू मोकळ्या टोकावर. उलटं लावलं तर यू ताणाच्या दोरालाच चेपतो. मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर १०-१५ मिमी हलेल एवढाच ताण. पुढच्या टोकाला कॅराबिनर (उघडझाप होणारा हूक), त्यामुळे बॉनेट उघडता येतं आणि पौड रस्त्याला लागण्याआधी रोप काढून ठेवता येते. अरुंद जागी आरसेही मिटायचे. आरशामागे अडकून ताणलेली फांदी सुटते ती थेट काचेवर.

गाडी देण्याआधी गार्डची परीक्षा घेतली. मुलांच्या खेळातल्या क्लेचे सुपारीएवढे नऊ गोळे काचेवर ठिकठिकाणी चिकटवले आणि शीट बसवली. दोघांनी खांद्याने पूर्ण वजन टाकून तिला रेटलं आणि उघडून गोळ्यांची जाडी मोजली. कडेचे गोळे जवळपास तसेच. मधला, जिथे आधी नट होता, तो चेपून ६ मिमी राहिला होता. मालक म्हणाले, "सहा पुरेल की." खोडाचा रेटा दोन माणसांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून नाही म्हटलं. बोल्टखालच्या नळ्या बदलून अंतर २० चं २८ केलं, गोळे नव्याने मोठे वळून लावले, पुन्हा रेटलं. या वेळी मधला गोळा १४ मिमी भरला.