सूर्यमाला रन अपडेट: मधे थांबवलं तरी एक बिटही हलता कामा नये

रिबाउंड या ग्रहांच्या हालचालीचं सिम्युलेशन करणाऱ्या प्रोग्रॅमवर सूर्य आणि आठ ग्रहांचा ५०० कोटी वर्षांचा रन (म्हणजे कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन) चालू आहे त्याचा हा पुढचा अपडेट. इंटिग्रेटर, म्हणजे ग्रहांना छोट्या छोट्या स्टेपने पुढे नेणारी गणिती पद्धत, डब्ल्यूएचफास्ट, टाइमस्टेप (एका स्टेपचा काळ) ५ दिवस (बुधाची फेरी ८८ दिवसांची, त्यामुळे चालतंय), सोबत रिबाउंडएक्स या जोड-लायब्ररीमधलं जनरल रिलेटिव्हिटीचं पोटेन्शियल, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाची दुरुस्ती. ते हवंच, बुधाची कक्षा त्यामुळे शतकाला ४३ आर्कसेकंद जास्त फिरते आणि ते काढलं तर बुध कितीतरी जास्त वेळा बिथरतो. एकूण स्टेप साधारण ३६,५०० कोटी. घरच्या डेस्कटॉपवर एका दमात होणारं काम नाही हे, त्यात नागपूरचा मे, दुपारी खोलीत पीसी फुल लोडवर चालवायची माझी तयारी नाही, म्हणून पॉज करायची सोय सगळ्यात आधी बसवली.

दुपारपुरतं थांबवायला लिनक्सचे स्टॉप आणि कंटिन्यू सिग्नल मस्त आहेत, किल कमांडने पाठवायचे. प्रोसेस जिथे होती तिथेच गोठते, सीपीयू थंड. पण सगळं रॅममधेच राहतं, लाईट गेली की गेलं. खरा आधार रिबाउंडच्या सिम्युलेशन आर्काइव्हचा, तो ठरावीक वेळाने स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण स्थिती) डिस्कवरच्या एकाच फाइलच्या शेवटी जोडत जातो आणि शेवटच्या स्नॅपशॉटवरून रन पुन्हा उचलता येतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, फंक्शन पॉइंटर, म्हणजे बाहेरून जोडलेल्या कोडचे पत्ते, आर्काइव्हमधे सेव्ह होत नाहीत. रीस्टार्ट केल्यावर रिलेटिव्हिटीचा फोर्स परत जोडावा लागतो, नाहीतर रन पुढे छान चालतो, एरर काही येत नाही, आणि आपण न्यूटनच्या सूर्यमालेत पोचलेलो असतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. स्पीडसाठी सेफ मोड (प्रत्येक स्टेप पूर्ण करूनच पुढे जाण्याची सेटिंग) बंद ठेवला की डब्ल्यूएचफास्ट एका स्टेपचा शेवटचा अर्धा ड्रिफ्ट (ग्रह कक्षेत पुढे सरकवण्याचा भाग) आणि पुढच्या स्टेपचा पहिला अर्धा एकत्र करून टाकतो, म्हणजे मधल्या क्षणी पोझिशन पूर्ण झालेल्या नसतात. आउटपुट हवं म्हणून सिंक्रोनाइज केलं, म्हणजे ती अर्धी राहिलेली स्टेप पूर्ण केली, आणि तिथूनच पुढे गेलो तर शेवटच्या बिटात राउंडिंगचा (आकडा कॉम्प्युटरमधे मावावा म्हणून छाटण्याचा) फरक पडतो. एवढ्याने काय होतंय असं वाटेल, पण लास्कर आणि गास्तिनो या फ्रेंच संशोधकांनी २००९ मधे जे २५०१ रन प्रसिद्ध केले त्यात बुधाच्या कक्षेत एका रनपासून दुसऱ्या रनपर्यंत फक्त ०.३८ मिलिमीटरचा फरक ठेवला होता, आणि साधारण १ टक्का रनमधे बुधाची कक्षा भयंकर लांबुळकी झाली! म्हणजे मी किती वेळा डोकावून बघितलं यावर बुधाचं भविष्य ठरायला लागेल, हे मला अजिबात नको. म्हणून कीप अनसिंक्रोनाइज्ड ही सेटिंग १ वर ठेवलीये, आउटपुटपुरतं सिंक्रोनाइज होतं आणि रन जुन्याच स्थितीवरून पुढे जातो. तपासायला एक छोटा रन सलग चालवला, तोच मधे तोडून जोडून परत चालवला, शेवटचे आकडे शेवटच्या बिटपर्यंत सेम आले. फार भारी वाटलं.

मॉनिटरिंग वेगळ्या स्क्रिप्टने. आर्काइव्हची कॉपी घेते, त्यावरच एनर्जी एरर (एकूण ऊर्जा सुरुवातीपेक्षा किती हलली ते) आणि बुधाची एक्सेंट्रिसिटी (कक्षा किती लांबुळकी आहे ते) काढते, मूळ प्रोसेसला हात लावत नाही. एनर्जी एररचा ग्राफ दोन्ही अक्ष लॉग घेऊन काढा. राउंडिंग एरर निःपक्षपाती असेल तर ती काळाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे उतार ०.५ दिसतो, आणि उतार १ कडे सरकला तर कोडमधे कुठेतरी एका बाजूला झुकाव आहे, रन तिथेच थांबवून शोधायला लागा. माझा अजून सपाटच आहे, इंटिग्रेटरच्या स्वतःच्या एररखाली राउंडिंग दिसतच नाहीये. बुधाची एक्सेंट्रिसिटी आज ०.२०६ आहे, ती ०.५ च्या वर गेली तर स्क्रिप्ट मला मेसेज टाकते, कारण तेव्हा बुध सूर्याजवळून इतक्या वेगाने जातो की ५ दिवसांची स्टेप मोठी पडायला लागते.

आता याच फाइलच्या मधल्या एका स्नॅपशॉटवरून दुसरी शाखा काढणार आहे, स्टेप निम्मी करून. कोणी रिबाउंडएक्ससोबत असं केलं असेल तर सेटिंग टाका.