आमची वाटचाल : सुतळीनं बांधलेली लाल पाटी

काउंटरमागे खिळ्याला तीन लाल पाट्या टांगलेल्या असतात. लाल पत्र्यावर पांढरी अक्षरं: एमपी 07, पुढे टीसी, म्हणजे ट्रेड सर्टिफिकेट, आणि एक आकडा. गिऱ्हाइकाची नजर कोपऱ्यातल्या गणपतीवर जाते, चकचकीत गाड्यांवर जाते, या पाट्यांकडे कुणी बघतही नाही. आमचा धंदा मात्र त्यांच्यावर चालतो. त्या नसतील तर शोरूममधली पासिंग न झालेली एकही नवी गाडी फाटकाबाहेर काढता येणार नाही.

सुरुवात बाबांपासून. घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, गॅरेज तिथल्याच कंपूला. मारुती 800 यायच्या आधीपासूनचं. अँबॅसडर आणि फियाटचे बोनेट उघडून बाबा आत कान लावायचे आणि काय बिघडलंय ते आवाजावरून सांगायचे. दादा आणि मी तिथेच मोठे झालो. दुरुस्तीत नाव होतं, पैसा नव्हता. गाड्या विकायची कल्पना दादाची. बाबांचं म्हणणं एवढंच होतं, की दुरुस्तीत चूक झाली तर बोल्ट उघडून परत बसवता येतो, विक्रीत तसं नसतं.

एका मोठ्या डीलरचे सब-डीलर म्हणून झाशी रोडला पत्र्याची शेड घेतली. चार गाड्या त्यांच्या, जागा आमची, गाडीमागे ठरलेलं कमिशन. त्यांनी एक लाल पाटीही हातात दिली, "गाडी आणायची-न्यायची तेव्हा लावा" म्हणून. ही पाटी कोणाची, कशासाठी, हे आम्ही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दोन वर्षं आम्ही ती डिकीला सुतळीनं बांधून मजेत फिरवली.

आणि मग दतियाचा शनिवार आला.

शोरूममध्ये नवी पांढरी सेदान आली होती, न विकलेली. दादा-वहिनींना दतियाच्या पीतांबरा पीठाला जायचं होतं. दादा म्हणाला, गाडी पळवून बघायलाच हवी, मग दर्शनही घेऊन येऊ. पाटी बांधली. वहीत कामाच्या रकान्यात त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं: "ट्रायल". परतताना नाक्यावर अडवलं. तपासणाऱ्यानं पाटी बघितली, गाडीत डोकावला आणि शांतपणे विचारलं, "ट्रायल? ग्राहक कुठाय?"

मागच्या सीटवर वहिनी होत्या, मांडीवर पेढ्यांचा पुडा. वहिनी आजही सांगतात, की त्यांना क्षणभर वाटलं, मीच ग्राहक आहे असं म्हणून टाकावं.

दंड भरला. पैशांचं फार वाटलं नाही, पण तिथे जे ऐकलं त्यानं झोप उडाली. पाटी आमच्या नावावर नव्हतीच. ज्या विक्रेत्याला ट्रेड सर्टिफिकेट दिलंय त्यानंच ते वापरायचं, दुसऱ्याला वापरू द्यायचं नाही. गाडीत तो स्वतः हवा, नाहीतर त्याच्या नोकरीतला किंवा खरोखर त्याच्या वतीनं काम करणारा माणूस. आम्ही त्याचे नोकर नव्हतो, कमिशनवाले होतो, आणि देवदर्शन काही त्याच्या वतीनं नव्हतं. म्हणजे दोन वर्षं आम्ही सगळ्या गाड्या नोंदणीशिवाय रस्त्यावर फिरवत होतो, असाही त्याचा अर्थ काढता आला असता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 192 मध्ये पहिल्या वेळी 5,000 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर 10,000 पर्यंत, शिवाय तुरुंगाचीही तरतूद. अपघात झाला असता तर विम्यावाल्यांनी काय म्हटलं असतं, हा विचार मी आजही पुरा करत नाही.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा कायदा घेऊन बसलो. गाडी विकणाऱ्यानं तो वाचलेला असतो असं लोकांना वाटतं. मी वाचला नव्हता. मुळात गोष्ट सोपी आहे. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याचं कलम 39 म्हणतं, नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. आता विक्रेत्यानं न विकलेली प्रत्येक गाडी आपल्या नावावर पासिंग करायची म्हटलं तर प्रत्येकीचा एकरकमी रोड टॅक्स त्यानंच भरायचा. मग गिऱ्हाइकाच्या हाती येईल ती गाडी कागदावर सेकंडहँड! म्हणून तिथे विक्रेत्याला सूट आहे. 1989 च्या केंद्रीय नियमांतला 33 वा नियम त्या सुटीची अट सांगतो: ट्रेड सर्टिफिकेट घ्या. रोड टॅक्स राज्याचा विषय, तो पासिंगच्या वेळी लागतो. गाडी उभी आहे तोवर तिचं पासिंग कोणी मागत नाही.

पण ती चालली कशासाठी, हे मात्र विचारतात. 41 व्या नियमात कामं मोजून दिली आहेत. गिऱ्हाइकाला वाजवी ट्रायल, चाचणी, वर्कशॉपला किंवा बॉडी-रंगाला नेणं, नोंदणीसाठी नेणं, विक्रेत्याच्या किंवा गिऱ्हाइकाच्या जागेपर्यंत पोचवणं, रेल्वे स्टेशन, प्रदर्शन. देवदर्शन नाही. मुलाला शाळेत सोडणं नाही. मेव्हण्याच्या लग्नाची वरात तर नाहीच, आणि आमच्या गावात लाल पाटीच्या गाडीला झेंडूच्या माळा लावलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

पुढे स्वतःची एजन्सी मिळाली. हप्ते, बँक, जागेचा करार, ते सगळं सगळ्यांचं असतं तसंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आल्या आल्या पहिलं काम केलं ते स्वतःच्या सर्टिफिकेटचं, सोळा नंबरचा फॉर्म भरून. तेव्हा ते दर वर्षी नवं करावं लागे. 2022 च्या दुरुस्तीनंतर अर्ज वाहन पोर्टलवर आणि मुदत पाच वर्षं, त्यामुळे खेटे वाचले. ट्रायलसाठी रोज पळणारी एक गाडी मात्र आम्ही सरळ टॅक्स भरून फर्मच्या नावावर पासिंग केली. पैसे अडकतात, पण ती कोणीही, कुठेही न्यावी. दादा त्याला उधळपट्टी म्हणत होता. वर्षभरानं म्हणायचा थांबला.

ग्वाल्हेरात हा धंदा करायचा तर इथल्या व्यापार मेळ्याबद्दल बोलावंच लागेल. 1905 मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला हा मेळा हिवाळ्यात भरतो. ज्या वर्षी सरकार सवलत जाहीर करतं, त्या वर्षी तिथे घेतलेल्या खासगी गाडीच्या रोड टॅक्सवर निम्मी सूट. पासिंग ग्वाल्हेरचंच हवं. दहा-पंधरा लाखांच्या गाडीवर ही रक्कम लहान नसते. त्यामुळे दिवाळी संपली की गिऱ्हाईक गाडी बघतं, चहा पितं आणि म्हणतं, "मेले में लेंगे." डिसेंबरात शोरूममध्ये माश्या मारायच्या आणि स्टॉकवर बँकेचं व्याज भरत बसायचं. सवलत निघणार की नाही, कधी निघणार, यावर पैजा लागतात. मेळा सुरू झाल्यावर आदेश आला, असंही झालंय.

इंदूर-भोपाळचे मोठे डीलरही मग इथे उतरतात. त्यांना ग्वाल्हेरच्या आरटीओकडून ट्रेड सर्टिफिकेट घ्यावं लागतं आणि मेळ्याच्या मैदानात प्रत्यक्ष दुकान थाटावं लागतं. तिकडे बसून इथली सूट विकता येत नाही. छोट्या माणसाला ही अट बरी. आमची खरी पंचाईत पाट्यांची: झाशी रोडवरून मैदानात गाड्या रोज न्यायच्या-आणायच्या, आणि एक पाटी एका वेळी एकाच गाडीला. पहिल्या वर्षी पोरगा स्कूटरवरून पाटी पोचवायचा, ती मागच्या गाडीला बांधायची, असं रात्री अकरापर्यंत. मग पाट्या वाढवल्या.

तीन वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांचंही सुरू केलं. तिथे लाल पाटी चालत नाही, गाडीला नंबर असतोच. पूर्वी या धंद्यात सगळे मालकी बदलायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवायचे. गाडी विकून सहा महिने झाले तरी चलन जुन्या मालकाच्या घरी. एप्रिल 2023 पासून नियम आलाय: विक्रेत्यानं अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात आल्याची सूचना पोर्टलवर द्यायची, मग तिची जबाबदारी त्याची. फिरवायची ती ट्रायल, दुरुस्ती, तपासणी अशा कामांपुरती, आणि फेऱ्यांची नोंद ठेवून. त्यात आमचं गाव तीन राज्यांच्या तोंडावर: धोलपूरची आरजे 11, आग्र्याची यूपी 80, झाशीची यूपी 93, सगळ्या आमच्या दारात. एनओसी आणि इथला टॅक्स यांचा हिशेब जुळल्याशिवाय अशी गाडी आता मी घेत नाही. किंमत कितीही पडू दे.

फेऱ्यांची वही वहिनींकडे आहे. पाट्यांची जबाबदारीही त्यांच्याकडे. दतियानंतर त्यांनीच मागून घेतली. गाडी कोणती, निघाली किती वाजता, चालवतोय कोण, काम काय. खाली कार्बन ठेवून एक प्रत गाडीबरोबर. परवा पावसात मला घरी जायचं होतं, स्कूटर भिजली असती. दारात नवी करडी गाडी उभी होती, पाटी खिळ्यावर मोकळी होती. मी हात लावला.

वहिनींनी पेनाचं टोपण काढलं. "भाऊजी, काम काय लिहू?"

मी रेनकोट शोधायला लागलो.