आर फेजवर सगळे कूलर

मागच्या मे महिन्यात नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू होता तेव्हा नागपुरात आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत सलग तीन रात्री बाराच्या सुमारास लाइट गेली, आणि तीही सगळ्यांची नाही, समोरच्या घरात पंखा फिरतोय आणि आमच्याकडे अंधार. शेजारच्या आजी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पायरीवर बसल्या होत्या. तिसऱ्या रात्री फ्यूज बांधायला आलेले लाइनमनकाका डीपीजवळून (गल्लीला वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर आणि त्याचा फ्यूजचा डबा) परत येताना म्हणाले, "ताई, आर फेजवर सगळे कूलर हाय ना, बी फेज पहा, रिकामा पडला आहे." डीपीतून निघणाऱ्या तीन तारा म्हणजे तीन फेज, आर, वाय आणि बी, आणि साधं घर त्यातल्या एकीवर जोडलेलं असतं. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची धुरांडी ज्या शहरातून दिसतात तिथे वीज कमी म्हणून हे झालेलं नव्हतं, शेवटच्या दोनशे मीटरात ती नीट वाटली गेली नव्हती म्हणून झालं होतं.

मी दिवसभर ऑफिसात स्मार्ट मीटरच्या डेटावरच काम करते (गल्ली दुसरी, शहराचा दुसरा भाग, आणि नावं-पत्ते काढून टाकलेला डेटा), आणि त्या रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यात बसली. आपण सगळे लोड फोरकास्टिंगच्या (पुढे किती वीज लागेल याच्या अंदाजाच्या) मागे लागतो, मोठमोठी मॉडेल लावतो, पण कोणतं घर कोणत्या डीपीवर आणि कोणत्या फेजवर आहे हेच आधी माहीत नसतं! कागदावर असतं, पण पावसाळ्यात वायर तुटली, घाईत जवळच्या पोलवरून जोडून दिली, तो बदल कागदावर कोण लिहिणार.

स्मार्ट मीटर दर १५ मिनिटांनी नोंद करतं म्हणजे दिवसाच्या ९६ नोंदी, युनिटबरोबर व्होल्टेजही येतं, आणि लोक युनिटकडेच बघतात पण खरं गुपित व्होल्टेजमध्ये आहे. एकाच फेजवर लटकलेल्या घरांचं व्होल्टेज एकत्र खालीवर होतं, एकाने मोटर लावली की त्याच तारेवरच्या बाकीच्यांनाही थोडा झटका बसतो. मग दोन-दोन मीटरचं कोरिलेशन (ते किती सोबत हलतात त्याचा आकडा) काढायचं आणि जवळजवळचे एका गटात टाकायचे, इतकं साधं आहे. निदान मला तसं वाटलं होतं.

पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्याच मीटरचं सगळ्यांशी कोरिलेशन भरपूर आलं, कारण वरून येणाऱ्या ११ केव्ही लाइनचं व्होल्टेज हललं की अख्खी वस्ती सोबत हलते आणि त्यात फेजचा छोटा फरक बुडून जातो. दोन आठवडे त्यातच गेले. मग दर १५ मिनिटांची सगळ्या मीटरची सरासरी काढून ती प्रत्येकातून वजा केली, तेव्हा चित्र एकदम उघडलं, तीन गट स्पष्ट दिसले, आणि एका फेजवर लोड वाढला की न्यूट्रल (तिन्ही फेजची परतीची सामाईक तार) सरकून बाकीच्या दोन फेजचं व्होल्टेज थोडं चढतं तेही दिसायला लागलं. दोन गोष्टींनी फार त्रास दिला, काही मीटरचं घड्याळ मागेपुढे असतं त्यामुळे खरे शेजारी अनोळखी वाटतात, आणि न आलेली नोंद कोणीतरी शून्याने भरून ठेवलेली असते. शून्य व्होल्टेज म्हणजे लाइट गेली आणि रिकामी नोंद म्हणजे माहिती आली नाही, हे दोन वेगळे आहेत, कृपा करून शून्य भरू नका.

तीन गटांबरोबर एक चौथा छोटा गट निघाला, ११ घरांचा, जो या डीपीच्या कोणत्याच फेजशी जुळत नव्हता. शेजारच्या डीपीच्या मीटरशी लावून पाहिला तर तिथल्या वाय फेजला चपखल बसला. त्या भागातल्या वायरमनला विचारलं तर ते लगेच म्हणाले, "हो ताई, मीच त जोडले ते घरं तिकडून, पोल पडला होता तवा." आता बघा, कागदाप्रमाणे पहिल्या डीपीवर हिशोब केला तर ग्राहकांची बेरीज डीपीच्या मीटरपेक्षा जास्त भरत होती, म्हणजे लॉस (वाटेत वाया जाणारी वीज) उणे, जे होऊच शकत नाही. आणि शेजारच्या डीपीवर वीज गायब दिसत होती, म्हणजे कोणीतरी आकडा टाकलाय असा संशय तिथल्या लोकांवर. ते लोक प्रामाणिकपणे बिल भरत होते. मला हे फार लागलं. चुकीच्या यादीवर चोरी शोधणारं कितीही हुशार मॉडेल चालवा, ते चुकीच्याच दारावर जाऊन थांबेल.

फेज कळला की पुढचं काम साध्या गणिताचं आहे. समजा एका फेजवर १२० अँपिअर आणि बाकी दोन्हीवर ४०-४०, तर न्यूट्रलमधून ८० वाहतात. तारेतला लॉस करंटच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून न्यूट्रलची तार तेवढीच जाड धरली तरी तोच लोड सारखा वाटला असता तर झाला असता त्याच्या सुमारे १.८ पट लॉस होतो. नवीन डीपी न बसवता पाच-सहा घरं दुसऱ्या फेजवर हलवली तरी फ्यूज टिकतो.

आणि कोणती घरं हलवायची तर त्यासाठी लोडचा आकार लागतो. प्रत्येक घराच्या ९६ आकड्यांना त्या दिवसाच्या एकूण युनिटने भागायचं आणि के-मीन्सने (सारखे आकार एकत्र करणारी पद्धत) गट पाडायचे, मग पिठाची गिरणी, सकाळी नळ आला की मोटर लावणारे, दुपारी बंद असणारं घर, छतावर सोलर असणारं घर, सगळे वेगळे पडतात. (घर कधी रिकामं असतं हे या वक्ररेषेवरून दिसतं, म्हणून हा डेटा कोणाच्याही हातात देऊ नये असं मला मनापासून वाटतं.) पण नागपुरात हे गट वर्षभर टिकत नाहीत. मे मध्ये हवा कोरडी असते, कूलर दीड-दोनशे वॅटमध्ये घर थंड करतो. जूनमध्ये तापमान उतरतं पण दमट होतं, कूलर नुसती ओली हवा फेकतो आणि ज्यांच्याकडे एसी आहे ते तो सुरू करतात, दीड टनाचा एसी म्हणजे दीड किलोवॅटच्या आसपास. म्हणजे पारा खाली आणि लोड वर! फक्त तापमान घेऊन केलेला अंदाज इथे जूनमध्ये हमखास फसतो, आर्द्रता घ्यावीच लागते.

सध्या त्या डीपीवरचे दोन मीटर अजून कशाशीच जुळत नाहीत, घड्याळ तपासलं, नोंदी तपासल्या, सगळं बरोबर आहे. शनिवारी वायरमनभाऊंसोबत जाऊन पोलपासून दारापर्यंत सर्व्हिस वायर डोळ्यांनी बघणार आहे.