मोठा धबधबा, लांबची लेन्स आणि एक जुना पंचा

परवा एका मित्राचा मेसेज आला, पावसाळ्यात कर्नाटकात जोगला चाललोय, धबधब्यासाठी अल्ट्रा वाइड (खूप रुंद दृश्य पकडणारी) लेन्स घेऊ का, पैसे साठवलेत. मी मेसेज टाइप करत न बसता सरळ फोनच लावला, कारण हा खर्च मी स्वतः करून बसलोय आणि दुसऱ्या कुणाचे पैसे असे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. फोनवर पाऊण तास बोललो, तेव्हा म्हटलं सगळं एकदा लिहूनच काढू, अजून कुणाला तरी उपयोग होईल.

आंबोलीचा धबधबा आठवा. रस्त्याला लागूनच आहे, पायऱ्या चढून पार पाण्याजवळ जाता येतं, समोर ओले दगड, शेवाळं, तिथे वाइड लेन्स लावून खाली बसलं की पुढचा दगड मोठा दिसतो, मागे पाणी, फोटोला खोली येते. तीच लेन्स घेऊन मी पहिल्यांदा जोगला गेलो. जोग म्हणजे २५३ मीटर उंच, आणि आपण उभे असतो दरीच्या पलीकडे कठड्याला टेकून. वाइड लेन्स काय करते, लांबचं अजून लांब ढकलते. त्यामुळे फोटोत खाली कठडा, मध्ये लोकांच्या छत्र्या, वर पांढरं आभाळ आणि मध्येच कुठंतरी चार पांढऱ्या दोऱ्या. समोर उभं राहिल्यावर छातीत जो आवाज घुमत होता त्याचा मागमूस नाही. घरी आल्यावर लॅपटॉपवर बघितलं आणि खरंच वाईट वाटलं, कोल्हापूरहून साडेतीनशे किमीच्या आसपास गाडी चालवून गेलो होतो.

दुसऱ्या वेळेला ५५-२०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स घेऊन गेलो (माझा कॅमेरा फुजीचा एपीएस-सी म्हणजे लहान सेन्सरचा आहे, फुल फ्रेमवाल्यांनी साधारण ८० ते ३०० धरावं). आता मोठ्या धबधब्याला जाताना हीच लेन्स कॅमेऱ्यावर चढवलेली असते, आणि सोबत १८-५५, बास.

जोगला शरावती नदी चार ठिकाणांहून कोसळते, मेन व्ह्यू पॉइंटवरून बघताना डावीकडून राजा, रोअरर, रॉकेट, राणी. चौघांचा स्वभाव पार वेगळा आहे आणि हे तुम्हाला लांबच्या लेन्समधूनच कळतं. राजा सरळ खाली येतो, मध्ये कुठंही टेकत नाही. रोअरर कड्यावरून तिरका आदळत येतो आणि साधारण निम्म्या उंचीवर राजाला जाऊन मिळतो, ती जागा २०० मिमीवर बघा, दोन पाणी एकमेकांवर आपटून जो धूर उठतो तो एक स्वतंत्र फोटो आहे. रॉकेट नावाप्रमाणे बाणासारख्या फवाऱ्यांनी बाहेर फेकला जातो आणि राणी खडकावरून फेस होऊन घसरते. मी एकदा अख्खी सकाळ फक्त राजावर घालवली. व्ह्यूफाइंडरमध्ये कड्याच्या टोकावर डोळा ठेवायचा, तिथून पाण्याचा एक गोळा सुटतो, मागे शेपटी घेऊन, आणि तो खाली येताना मी मनात आकडे मोजत होतो. सात म्हणेपर्यंत तो धुक्यात शिरायचा. नंतर हिशोब केला तर २५३ मीटर नुसतं मोकळं पडायलासुद्धा सात सेकंद लागतात, हवेचा अडथळा धरला तर जास्तच. तेवढ्यात दोन पारवे त्या पांढऱ्या पडद्यासमोरून आडवे गेले, ठिपक्याएवढे. तो फोटो माझ्याकडे आहे आणि जोगची उंची त्या दोन ठिपक्यांमुळे जितकी कळते तितकी बाकीच्या पाचशे फोटोंतून कळत नाही.

म्हणजे बघा, मोठ्या धबधब्याच्या फोटोत काहीतरी ओळखीचं लहान हवं. पक्षी, माणूस, झाड, बोट काहीही. ते नसेल तर पन्नास फुटी धबधबा आणि आठशे फुटी धबधबा फोटोत सारखेच दिसतात.

हे मला सगळ्यात जास्त पटलं ते नायगारात. ताई आणि दाजी टोरांटोला असतात, आईबाबांना घेऊन गेलो होतो, ऑगस्टचा महिना. कॅनडाच्या बाजूच्या बोटीत सगळ्यांना लाल रेनकोट देतात आणि अमेरिकेच्या बाजूच्या बोटीत निळे. बोटीत बसून फोटो काढायच्या नादाला लागू नका, तिथे फक्त भिजा, आईचा हात धरा, फोनवर व्हिडिओ घ्या पुरे आहे. खरा फोटो वरून मिळतो. कॅनडाच्या बाजूला टेबल रॉकच्या कठड्यावर उभं राहून २०० मिमी लावायची आणि बोट हॉर्सशूच्या, म्हणजे नालेच्या आकाराच्या मोठ्या धबधब्याच्या खोबणीत शिरायची वाट बघायची. हिरवट पाणी, समोर ५७ मीटरची पांढरी भिंत, आणि तिच्या पायाशी शंभर-दीडशे लाल ठिपके. एक बोट हुकली तरी थोड्या वेळाने दुसरी येतेच, त्यामुळे घाई नाही. दाजी म्हणाले चला आता पार्किंगची वेळ संपतेय, मी म्हटलं दाजी अजून एक बोट, असं करत तीन बोटी झाल्या आणि तिसऱ्या बोटीला तुषारांचा पडदा नेमका बाजूला सरकला.

जागा निवडताना मी आधी सूर्य बघतो. इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य आपल्या पाठीमागे पाहिजे आणि तुषार समोर, आपल्या डोक्याची सावली जिथे पडते तिथून सगळीकडे साधारण ४२ अंशांवर ते दिसतं. कॅनडाकडून आपण अमेरिकन फॉल्सकडे बघतो म्हणजे पूर्वेकडे बघतो, त्यामुळे दुपारनंतर जा, चार-पाच वाजता. सकाळी तिथून सूर्य समोर येतो आणि सगळं फिकट पडतं, सकाळी इंद्रधनुष्य हवं असेल तर अमेरिकेच्या बाजूने टेरापिन पॉइंटवरून पश्चिमेकडे बघायचं. सूर्य डोक्यावर चढला की सपाटीवरून इंद्रधनुष्य दिसत नाही पण उंच कठड्यावरून खाली दरीत दिसू शकतं, म्हणून उंच जागेचा हा एक मोठा फायदा. आणि हो, पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला असेल तर तो हळूहळू फिरवून बघा, एका बाजूला इंद्रधनुष्य गडद होतं आणि दुसऱ्या बाजूला चक्क गायब होतं. मी एकदा अर्धा तास असाच बसलो होतो, लोक बोट दाखवून दाखवून ओरडतायत आणि माझ्या स्क्रीनवर काहीच नाही!

सूर्यानंतर वारा. मोठा धबधबा स्वतःच वारा तयार करतो, पडणारं पाणी हवा ढकलत खाली नेतं आणि ती तुषार घेऊन दरीतून वर येते. कठड्यावर दहा-पंधरा पावलं इकडे तिकडे केली तरी फरक पडतो, एका जागी लेन्स कोरडी राहते आणि शेजारी पाच सेकंदात ठिपके. म्हणून पोचल्या पोचल्या कॅमेरा काढू नका, रिकाम्या हाताने एक चक्कर मारा, चष्मा असेल तर तोच सांगतो कुठे तुषार येतात.

मायक्रोफायबरचे ते छोटे रुमाल दोनदा पुसले की ओले होतात आणि मग नुसतं पाणी पसरवतात. मी आजोबांचा जुना सुती पंचा फाडून चार तुकडे केलेत. हजार वेळा धुतलेला पंचा, इतका मऊ झालाय आणि पाणी असं ओढून घेतो की बास. पण तो कॅमेऱ्याच्या बॉडीसाठी आणि फिल्टरसाठी, खुद्द लेन्सच्या काचेवर नाही, काचेला शेवटचा हात कोरड्या मायक्रोफायबरचाच. फ्रेम आधी लावून घ्यायची, पंचा काचेला न टेकवता लेन्ससमोर धरून ठेवायचा, वारा फिरला की पंचा काढायचा, तीन-चार क्लिक आणि परत झाकायचं. हॉटेलात मिळणारी शॉवर कॅप पण खिशात असू द्या, कॅमेऱ्यावर मापात बसते.

शटरचं म्हणाल तर दुधासारखं पाणी करायची एक सवय लागलेली असते सगळ्यांना. लहान ओढ्याला ते छान दिसतं, मोठ्या धबधब्याला माझ्या मते नाही. एवढं पाणी एवढ्या उंचीवरून येतंय आणि तुम्ही एक सेकंद शटर उघडं ठेवलं तर त्याचा कापूस होतो, ताकद निघून जाते. ढगाळ उजेडात एफ ८ ला (लेन्सचं छिद्र तेवढं ठेवून) १/६० सेकंद मिळत असेल तर ६४ पटीच्या एनडी म्हणजे उजेड कमी करणाऱ्या काळ्या फिल्टरने साधारण एक सेकंद होतो, मी तो फिल्टर आता घरीच ठेवतो. १/८ ते १/१५ मध्ये पाण्याचे धागे राहतात आणि हालचाल पण कळते, तेवढ्यासाठी पोलरायझरच पुरतो कारण तोच दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), वर ओल्या दगडांची चकाकी काढतो. नाहीतर मग सरळ १/१००० आणि तो गोळा, ती शेपटी, सगळं गोठवायचं. दोन्ही करून बघा, मधलं १/१०० वगैरे मात्र कशातच बसत नाही.

एक्सपोजरमध्ये, म्हणजे फोटो किती उजळ येतो त्यात, जोग आणि नायगारा अगदी उलटे वागतात. जोगला सगळीकडे काळा ओला कातळ आणि मध्ये पाणी, कॅमेरा कातळ बघून फोटो उजळवतो आणि पाणी जळून नुसता पांढरा कागद होतो, तिथे मी एक्सपोजर उणे एक स्टॉपवर ठेवतो. नायगाराला फ्रेमभर पाणीच पाणी, कॅमेऱ्याला वाटतं फारच उजेड आहे आणि तो पाणी राखाडी करतो, तिथे अधिक अर्धा-पाऊण द्यावं लागतं. आणि पावसाळी पांढरं आभाळ फ्रेममध्ये घ्यायचंच नाही, फ्रेमची वरची कड कड्याच्या टोकाच्या जरा खाली ठेवली की पाणी कुठून येतंय ते दिसत नाही आणि ते अजून उंच वाटतं.

आता पाण्याचं. जोगच्या वर साधारण सहा किमीवर लिंगनमक्की धरण आहे, १९६४ सालचं, त्यामुळे धबधब्याला किती पाणी असेल हे पावसाइतकंच धरणावर अवलंबून. उन्हाळ्यात जाऊन काळा कडा बघून परत आलेले लोक मला माहितीयत. नायगाराचंही तसंच, १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी सोडायचं आणि रात्री व हिवाळ्यात त्याच्या निम्मं, बाकीचं वीज बनवायला जातं. म्हणून तिकडे रात्रीची रंगीत रोषणाई बघायची असेल तर जरूर बघा पण पाण्याचा जोर टिपायचा असेल तर दिवसाच.

जोगला जुलै-ऑगस्टमध्ये पाणी असतं पण धुकंही असतं. मागच्या खेपेला सकाळी सात वाजता पोचलो आणि समोर काहीही नाही, नुसता आवाज. लोक येत होते, दहा मिनिटं थांबून निघून जात होते. चहाच्या गाडीवरच्या आजींनी कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, मला त्यातला गाळी म्हणजे वारा एवढा एकच शब्द कळला, पण हाताने बसा असं म्हणाल्या ते कळलं. बसलो. तीन चहा झाले. पावणेदहाला धुक्याला खालून भोक पडल्यासारखं झालं, आधी रोअररचा मधला भाग दिसला, वरचं खालचं काही नाही, हवेतून पाणी निघून हवेतच जातंय असं. चार मिनिटं असेल नसेल. पूर्ण धबधबा त्या दिवशी दिसलाच नाही आणि जोगचा माझा सगळ्यात आवडता फोटो त्याच दिवसाचा आहे. मुक्काम करा म्हणजे, एका दिवसात जाऊन येऊन होत नाही हे.

एक सूचना कळकळीने. रूमवर एसी असेल तर कॅमेरा बॅगेतून बाहेर काढून ठेवू नका, थंड झालेली काच बाहेरच्या दमट हवेत आली की धुरकट होते, पुसलं तरी परत येते, वीस-पंचवीस मिनिटं जातात. आणि घरी परतल्यावर ओली बॅग तशीच कपाटात टाकू नका, मी एकदा आठवडाभर टाकली आणि लेन्समध्ये बुरशीची जाळी धरली, दुरुस्तीला गेलेले पैसे सोडा, ती लेन्स परत पहिल्यासारखी झालीच नाही. आता घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, ४०-५० टक्क्यांच्या मध्ये ठेवतो. मित्राला म्हटलं, त्या अल्ट्रा वाइडच्या पैशातले थोडे या डब्यावर घाल आणि उरलेल्यात जोगला दोन रात्री जास्त राहा.

त्याला अजून एक सांगितलंय. नदीच्या पलीकडे सिद्धापूरच्या बाजूला बॉम्बे बंगला आहे. तिकडचा भाग म्हणजे उत्तर कन्नड जिल्हा आधी मुंबई इलाख्यात आणि नंतर मुंबई राज्यात होता, १९५६ पर्यंत आपल्याबरोबरच, आणि अलीकडची बाजू म्हैसूर संस्थानात, म्हणून ते नाव. तिथून राजा समोरून न दिसता वरून, बाजूने दिसतो, पाणी कड्यावरून सुटतं ती धारच. कडेला जायचं नाही, शेवाळं भयंकर निसरडं असतं, मागे राहूनच लांबच्या लेन्सने. माझी ती बाजू राहिलीय, दोन्ही वेळा पावसाने होऊ दिली नाही. यंदा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जायचं ठरवलंय, आभाळ मोकळं असेल आणि धरण भरलेलं असेल तर पाणीही असेल. मित्र म्हणाला मी पण तेव्हाच येतो मग.